रजेच्या अर्जावर कोणती तारीख लिहू?

बडोद्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या वाघोडियाच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स बघतात. मांजलपूरहून कंपनीच्या बसने जाणं-येणं, आठवड्याला सहा दिवस. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना लागलाय, तब्येत उत्तम. डॉक्टरांनी 24 मार्च ही तारीख दिली आहे. एचआरने 'रजा कधीपासून ते लिहून द्या' असं कळवलं आणि तिथेच घोडं अडलं. सासूबाई म्हणतात, आठवा लागला की घरी बस. आई इंदूरला, पहिलं बाळंतपण माहेरीच, हा तिचा हट्ट. साहेब म्हणतात, रजा खुशाल घ्या, फक्त 31 मार्चचं क्लोजिंग, म्हणजे वर्षाचे हिशेब बंद करणं, घरून बघून द्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कळा सुरू होईपर्यंत कामावर येत होती आणि 'एक दिवसही वाया घालवला नाही' असं अभिमानाने सांगते. 'मलाही बाळाजवळ जास्तीत जास्त दिवस हवेत. मग शेवटच्या दिवसापर्यंत काम करणंच बरोबर ना? की हा हावरटपणा होतोय?' असं त्या विचारतात. ताजा कलम: ऑफिसातल्या गुजराती मैत्रिणींना 'सीमंत' (त्यांच्याकडचं डोहाळजेवण) करायचंय, तेही कधी ठेवावं?

हावरटपणा मुळीच नाही. हिशेबाची सवय असलेल्या बाईने हिशेब मांडला, एवढंच. तर तो आधी पुरा करू.

पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून हे आकडे आहेत आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच ठेवले आहेत. आठवडा म्हणजे पूर्ण सात दिवस, रविवार धरून. सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच हे सांगून ठेवलंय. त्यामुळे 'रविवार वगळून मोजा' असं आपणही म्हणायचं नाही आणि 'रविवारचा पगार नाही' असं कंपनीनेही म्हणायचं नाही.

तुमच्या बाबतीत 24 मार्चच्या आठ आठवडे आधी म्हणजे 27 जानेवारी. त्या दिवसापासून रजा घेतलीत तर ती 27 जुलैला संपते आणि बाळ वेळेवर आलं तर त्याच्याजवळ 18 आठवडे मिळतात. 24 फेब्रुवारीपासून घेतलीत तर रजा 24 ऑगस्टपर्यंत, बाळाजवळ 22 आठवडे. 10 मार्चपासून घेतलीत तर 7 सप्टेंबरपर्यंत, 24 आठवडे. आधीचा एक आठवडा सोडला की नंतरचा एक मिळतो. इथवर तुमच्या मैत्रिणीचं गणित चोख आहे.

गडबड आहे ती 24 मार्च या आकड्यात. तुम्ही ती क्लोजिंगच्या तारखेसारखी पक्की धरली आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेला तो अंदाज आहे, आणि दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. 37 ते 42 आठवड्यांत कधीही जन्मलेलं बाळ वेळेवरचंच म्हणायचं. तुमच्यासाठी हा काळ 3 मार्च ते 7 एप्रिल, असा पाच आठवडे पसरलेला आहे. 'शेवटच्या दिवसापर्यंत' काम करायचं म्हणता खरं, पण तो शेवटचा दिवस होता हे मैत्रिणीलासुद्धा दुसऱ्या दिवशीच कळलं असणार. तिचं बाळ 37 व्या आठवड्यात आलं असतं, तर तिचं अर्धवट काम टेबलावर पडून राहिलं असतं आणि दवाखान्यात फोन वाजत बसला असता.

तारखेचाच विषय आहे तर एक नेहमीचा घोळ सांगून ठेवते. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून जी तारीख डॉक्टरांनी पक्की केली, तीच शेवटपर्यंत धरायची. पुढे 32 व्या आठवड्याच्या आसपास वाढ बघायला सोनोग्राफी होते. त्या रिपोर्टवर यंत्र बाळाच्या मापावरून स्वतःची वेगळी तारीख छापतं, कधी आठवडाभर अलीकडची, कधी पलीकडची. ते बघून घरात चर्चासत्र भरतं आणि काही जणी नव्या तारखेचा कागद एचआरला नेऊन देतात. मग आठ आठवड्यांची मोजणी चुकते आणि अर्ज परत येतो. एचआरला डॉक्टरांचा दाखला द्या, रिपोर्टची झेरॉक्स नको.

आता शेवटच्या आठवड्यांकडे जरा जवळून बघा. 28 आठवड्यांनंतर तपासणी साधारण दर पंधरा दिवसांनी असते, 36 नंतर दर आठवड्याला. दवाखान्यात दोन तास जातात, पण कंपनीची बस सकाळी एकदाच सुटते, म्हणजे तुमचा अख्खा दिवस जातो. 24 फेब्रुवारी ते 10 मार्च या काळात कामाचे दिवस बारा; त्यातले दोन-तीन तपासणीत, एखादा 'आज काही जमत नाही' म्हणून. उरले आठ-नऊ. त्या आठ-नऊ दिवसांच्या बदल्यात नंतरचे चौदा दिवस मिळतात, म्हणजे सौदा कागदावर फायद्याचाच. पण त्या प्रत्येक दिवशी वीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं आहे, मागच्या सीटवर बसलात तर प्रत्येक बंपला पोट धरून. रात्री दर दीड-दोन तासांनी लघवीला उठणाऱ्या बाईची झोप तशीही होत नाही. बाळंतपणाआधीचे ते चार दिवस वाया जातात असं जे मैत्रिणीने तुमच्या डोक्यात भरवलंय ते मला पटत नाही. थकून, पाय सुजलेल्या अवस्थेत कळांना सामोरं जाणं आणि दोन आठवडे दुपारची झोप काढून सामोरं जाणं, यात फरक पडतो.

याचा अर्थ सासूबाईंचं ऐकून 27 जानेवारीलाच घरी बसा असाही नाही. निरोगी गर्भारपणात बसून करायचं काम 36, अगदी 38 आठवड्यांपर्यंत चालू ठेवायला डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. दर तासाला उठून पाच मिनिटं चाला, पायाखाली स्टूल किंवा कागदांचं खोकं घ्या, बसमध्ये पुढच्या दोन रांगांतली जागा मागून घ्या, पाण्याची बाटली रिकामी करा. मात्र जुळी असतील, रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा आधीचं बाळ वेळेआधी झालं असेल, तर हे पत्र इथेच मिटवा. तिथे रजेचा हिशेब डॉक्टर करतात. तुमची तब्येत आज उत्तम असली तरी शेवटच्या दोन महिन्यांत चित्र बदलू शकतं: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर सूज, रक्तदाब 140/90 च्या वर, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर बसमध्ये चढायचं नाही आणि पाच वाजण्याची वाटही बघायची नाही; सरळ दवाखाना.

साहेबांच्या प्रस्तावाबद्दल मात्र मी अजिबात मवाळ बोलणार नाही. 'रजा घ्या आणि क्लोजिंग घरून बघून द्या' हे ऐकायला आपुलकीचं वाटतं. पण मंजूर रजेच्या काळात काम केलं, तर तेवढ्या दिवसांच्या लाभावरचा हक्क जातो, असं 1961 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिलं होतं आणि संहितेतही तशीच तरतूद आहे. शिवाय बाळंतपणानंतरचे सहा आठवडे मालकाने बाईकडून जाणूनबुजून काम करून घ्यायलाच मनाई आहे. 24 ला बाळ झालं, तर 31 मार्च या सहा आठवड्यांत येतो. साहेबांना हे हसतमुखाने, पण ईमेलवर कळवा. घरून काम करायचंच असेल तर ते रजेआधी, ड्यूटी म्हणून, पूर्ण पगारावर आणि एचआरच्या लेखी संमतीने. घरून काम करतेय तो दिवस रजेचा नाही. दोन्ही एकाच दिवशी होत नाही.

क्लोजिंगची काळजी खोटी आहे असं नाही. ती रजेच्या तारखेला बांधली, हे चुकलं. माझ्या मते अर्जावरची तारीख आणि तुमचं टेबल रिकामं होण्याची तारीख या दोन वेगळ्या ठेवाव्यात, आणि दुसरी आधी ठरवावी. तुमच्यासाठी ती 10 फेब्रुवारी. त्या दिवशी 34 आठवडे पूर्ण होतात. त्यानंतर तुम्ही ऑफिसात असलात तरी तुमच्यावाचून काहीही अडता कामा नये.

अकाउंट्समध्ये हे कसं करायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच, तरी क्रम सुचवते. पार्टींची बॅलन्स कन्फर्मेशन पत्रं 31 डिसेंबरच्या शिलकीवर जानेवारीतच पाठवून टाका. मार्चला फक्त तीन महिन्यांचा फरक जुळवायचा राहील. बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या आणि आपल्या नोंदींमधला फरक) जानेवारीअखेरपर्यंत शून्यावर आणा, कारण जुन्या न वटलेल्या चेकांची कहाणी फक्त तुम्हालाच माहीत असते. जीएसटी पोर्टलवरच्या 2बी यादीशी न जुळणारी बिलं वेगळ्या यादीत काढा आणि प्रत्येकापुढे 'कुणाला फोन केला, काय म्हणाले' ते लिहा. तरतुदींची यादी मागच्या वर्षीच्या आकड्यांसह ठेवा. 15 मार्चचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स, दर महिन्याचं जीएसटीचं 3बी विवरणपत्र, टीडीएस या तारखा कुणाच्या नावावर, तेही लिहा. आणि मुख्य म्हणजे जानेवारीचं मासिक क्लोजिंग, जे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होतं, ते तुमच्या जागी बसणाऱ्याला करू द्या. तुम्ही खुर्ची मागे ओढून नुसतं बघा. सूचनांची फाइल कितीही जाड असली तरी कुठे अडतं ते दुसऱ्याने हात घातल्याशिवाय कळत नाही. त्याला चूक करू द्या, तुम्ही तिथे असताना.

राहिलं माहेर. पत्रात तुम्ही हे चौथ्या ओळीत लिहिलंय, पण खरं तर सगळ्यात आधी हेच ठरवायला हवं, कारण इंदूरला जायचं ठरलं तर तारीख ऑफिस नाही, प्रवास ठरवणार. गोध्रा-दाहोदमार्गे गाडीने जा किंवा रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने, 36 आठवड्यांनंतर हा प्रवास नको. 34 च्या आसपास जावं, म्हणजे 10 फेब्रुवारीच्या मागेपुढे. रेल्वेत गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, दाखला जवळ ठेवा. गाडीने गेलात तर दर दोन तासांनी उतरून चाला आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांवरून घ्या. तिथल्या डॉक्टरांकडे नाव मात्र जानेवारीतच नोंदवा. पहिली सोनोग्राफी, पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ-बी, धनुर्वाताची इंजेक्शनं हे सगळे कागद एका फाइलमध्ये आणि त्यांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये. रक्तगट निगेटिव्ह असेल तर 28 व्या आठवड्याचं अँटी-डी इंजेक्शन बडोद्यातच घेऊन त्याची नोंद बरोबर न्या.

म्हणजे इंदूरला जाण्याची किंमत दोन आठवडे आहे: रजा 24 ऐवजी 10 फेब्रुवारीपासून, बाळाजवळ 22 ऐवजी 20 आठवडे. ती भरून काढायचे दोन मार्ग आहेत. कंपनीने मान्य केलं तर 10 ते 23 फेब्रुवारी इंदूरहून काम. हँडओव्हर झालेला असल्याने फोनवर शंका सोडवणं एवढंच उरेल. नाहीतर बारा पीएल (साठलेल्या हक्काच्या पगारी रजा) टाका, सहा दिवसांच्या आठवड्यात त्यांचे बरोबर दोन आठवडे होतात. पीएल शिल्लक असून 31 मार्चला बुडणार असतील तर त्या आधीच वापरणं शहाणपणाचं. पुढच्या वर्षात नेता येत असतील तर मात्र मी त्या ऑगस्टसाठी राखून ठेवीन. बाळ दिवसभर दुसऱ्याकडे राहायला शिकतं ते दोन आठवडे फार ओढाताणीचे असतात, आणि तेव्हा हातात रजा असणं सोन्यासारखं. आणि तिसरा मार्ग आईला आवडणार नाही, पण विचारून बघा: तुम्ही तिकडे जाण्याऐवजी ती दीड-दोन महिने बडोद्याला येऊ शकते का? सासूबाईंना वाईट वाटेल का, आई लेकीच्या सासरी इतके दिवस राहील का, हे प्रश्न खरे आहेत. ते तुम्ही एकटीने सोडवू नका, नवऱ्याला बोलायला लावा.

तर अर्ज. बडोद्यात राहणार असाल तर 24 फेब्रुवारी लिहा, त्या दिवशी 36 आठवडे पूर्ण होतात. इंदूर ठरलं आणि घरून काम किंवा पीएल यातलं काहीच जमलं नाही तर 10 फेब्रुवारी. मजकूर चार ओळींचा पुरे: 'माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख 24 मार्च आहे. मी 24 फेब्रुवारीपासून प्रसूती रजेवर जात आहे. वैद्यकीय कारणाने ही तारीख अलीकडे आल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह कळवीन. रजेच्या काळात मी इतर कुठेही काम करणार नाही. माझ्या लाभाची रक्कम मला किंवा माझ्या पतीला द्यावी.' शेवटचं वाक्य गाळू नका, कायद्यात तशी नोंद करायची सोय आहे. बरोबर डॉक्टरांचा दाखला. पोचपावती घ्या, ईमेल केलीत तर स्वतःच्या खासगी पत्त्यावर एक प्रत. बाळंतपणाआधीच्या दिवसांचा पगार दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेला बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत द्यावा असा नियम आहे. बऱ्याच कंपन्या महिन्याच्या महिन्याला देतात, तुम्हाला चालत असेल तर तेही ठीक. कंपनीने बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय मोफत केलेली नसेल तर 3500 रुपये वैद्यकीय बोनसही मागून घ्या. मागितल्याशिवाय तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

बाळ तारखेआधीच आलं तर घाबरू नका. रजा सुरू होण्याआधी आलं तर जन्माच्या दिवसापासून रजा धरली जाते आणि पूर्ण 26 आठवडे त्यानंतर मिळतात. लांबलं तर तेवढे दिवस नंतरच्यातून जातात. गर्भारपणामुळे किंवा वेळेआधीच्या बाळंतपणामुळे आजारपण आलं, तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा वेगळी मिळते, ती या 26 आठवड्यांत मोडत नाही.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडंसं. हक्कासाठी अट एकच: अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान 80 दिवस काम झालेलं असणं. कायम असण्याची अट नाही; 2000 साली दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या कामगार स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क मान्य केला. दोन मुलं असताना तिसऱ्याच्या वेळी रजा 12 आठवडे, त्यातले आधी जास्तीत जास्त सहा. ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो त्यांना पैसे कंपनीकडून न मिळता ईएसआयकडून मिळतात. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान काळांत (वर्गणीच्या सहामाहींत) मिळून 70 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, ती पोर्टलवर आजच बघून घ्या. आठव्या महिन्यात कळलं की ठेकेदाराने वर्गणी भरलीच नव्हती, तर धावाधाव फार होते. आणि ज्यांचं काम उभ्याने किंवा वजन उचलायचं आहे, लाइनवर, पॅकिंगला, दुकानात, त्यांनी माझं 36 आठवड्यांचं गणित स्वतःला लावू नये. तारखेच्या साधारण अडीच महिने आधीपासून जड काम बदलून मागता येतं, ते मागा. नाहीच मिळालं तर 32 आठवड्यांना रजा सुरू करा आणि अपराधी वाटून घेऊ नका.

सीमंताचं उत्तर सोपं आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्येच. तोवर हँडओव्हर संपत आलेला असेल आणि तुम्हाला तासभर बसवेल. घरचं डोहाळजेवण त्याच आठवड्यात नको, दोन्ही दिवशी दमाल. आणि त्या दिवशी कंपनीच्या बसने जाऊ नका, नवऱ्याला गाडीने सोडायला सांगा. साडी नेसून, आठव्या महिन्यात, त्या बसची पहिली पायरी फार उंच पडते.